फायरप्लेसची जाळी करून देणाऱ्या मिस्त्रींना

नमस्कार मिस्त्री,

जाळी बसवून तुम्ही निघालात तेव्हा घाईगडबडीत आभार मानायचे राहूनच गेले. आता चारचौघांत मानतो. देवळालीकडच्या जुन्या बंगल्यांत अजून कुठे कुठे फायरप्लेस आहेत. निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की त्या पेटतात. पण घरात रांगतं मूल असलं तर त्यांचं काय करायचं, हे धड कुणी सांगत नाही.

तुमच्या आधी एका मोठ्या शोरूमवाल्यांनी केलेली जाळी दिसायला देखणी होती. वेलबुट्टी, पानं आणि मधून आडव्या पट्ट्या. आडवी पट्टी म्हणजे दीड वर्षाच्या पोराला आयती शिडी. खाली नुसते पाय, भिंतीत स्क्रू धरायला प्लास्टिकच्या गिट्ट्या. उष्णतेनं गिट्टी मऊ पडली की स्क्रू सुटतो आणि धरून उभं राहणारं मूल अख्खी जाळी अंगावर ओढून घेतं. वरून साधा ऑइल पेंट, तो पहिल्याच विस्तवाला फुगला आणि खोलीभर वास सुटला. तक्रार केली तर उत्तर मिळालं, "लेकरावर लक्ष ठेवा." नुसतं लक्ष ठेवून भागत असतं तर त्या शोरूमवाल्यांकडून जाळी कशाला करून घेतली असती?

तुम्ही टेप काढायच्या आधी विस्तव पेटवायला लावलात. पालथा हात धरून आच कुठवर येते ते पाहिलंत आणि जाळी फायरप्लेसच्या तोंडापासून दीड फूट पुढे घेतलीत. जवळ बसवली असती तर सळयाच तापल्या असत्या आणि मुलाला चटका जाळीचाच बसला असता. उंची अडीच फूट, सळया सगळ्या उभ्या, दोन सळयांत दोन इंच. फट चार इंचांच्या पुढे गेली की अंग सरकतं आणि डोकं अडकतं. आतून पाच मिलिमीटरहून लहान भोकांची जाळी, म्हणजे बोटही जात नाही आणि खेळणंही आत पडत नाही. भिंतीत लोखंडी अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट, तेही गिलाव्यात नाही, दगडात. भोकं लांबट ठेवलीत, कारण लोखंड तापून वाढतं आणि गोल भोकात बोल्ट ताणला जातो. कडी बाहेरून आणि वरच्या बाजूला, उचलून मग सरकवायची. त्या वयाच्या मुलाला या दोन हालचाली एकदम जमत नाहीत.

वरचा भाग उतरता का केलात, ते घरातल्यांना उशिरा कळलं. सपाट असता तर पहिल्याच गारठ्यात त्यावर दुपटी आणि लंगोट वाळत पडले असते.

पण लक्षात राहिला आहे तो कापूस. ग्राइंडर फिरवून झाला होता, रंग द्यायचाच बाकी होता. तुम्ही खिशातून कापसाचा बोळा काढलात आणि एकेका जोडावरून, सळईच्या पोटाखालून, कोपऱ्यांच्या आतल्या बाजूनं सावकाश फिरवलात. जिथे तंतू अडकला तिथे खडूची खूण, मग कानस, मग पुन्हा कापूस. डोळ्याला ते कुसळ दिसतही नव्हतं. मुलाच्या तळव्याला मात्र लागलं असतं. हे काम कुणी मागितलं नव्हतं, बिलात धरलं नव्हतं, आणि केलं नसतं तरी कुणाला कळलं नसतं. नाशकात दुकानांचे बोर्ड मोठे झालेत, पण आपलं काम असं स्वतःच तपासणारी माणसं अजून सातपूर-अंबडच्या पत्र्याच्या शेडमध्येच जास्त भेटतात, असं माझं मत झालंय. कुणाला राग आला तर येवो.

रंग उष्णता सोसणारा काळा. तो पक्का होईपर्यंत पहिल्या एक-दोन वेळा धूर आणि वास सोडतो, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा आणि बाळाला शेजारी पाठवा, हेही तुम्हीच बजावलंत. फायरप्लेसपुढच्या कडप्प्याच्या धारेला चिकटवलेला फोम काढून टाकायला लावलात. आचेनं त्याचा गोंद सुटतो आणि ठिणगी पडली तर तो पेटतो. त्याऐवजी फरशीवाल्याकडून कड हाफ-राऊंड घासून घ्या म्हणालात. सतरंजी आणि गादी विस्तवापासून तीन फूट दूर. ओलं लाकूड नको, बांबू तर नकोच, त्याची बंद पेरं फुटून निखारा उडतो.

आणि राख! सकाळी थंड दिसते, पण पोटात निखारा जिवंत असतो. बहुतेक घरं रात्री कडी लावतात आणि सकाळी झाडताना उघडी टाकतात, नेमका तेव्हाच लहान हात आत जातो. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत काढून अंगणात ठेवायची, प्लास्टिकच्या टोपल्यात कधीच नाही.

जाळीनं हात वाचतो, श्वास नाही, हे तुमचं वाक्य आजीलाही पटलं. पारव्यांनी धुराड्यात घरटं केलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू खोलीतच राहतो, त्याला ना रंग ना वास. फायरप्लेसच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरायची, धूर वर ओढला गेला तरच लाकूड लावायचं. खिडकी थोडी उघडी ठेवायची आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावायचा. बाळंतिणीच्या खोलीतली कोळशाची शेगडी तेव्हापासून बंद झाली, ती तुमच्यामुळेच. भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरून दवाखाना गाठायचा, हळद-तूप-टूथपेस्ट काही लावायचं नाही, हा कागद जाळीशेजारच्या भिंतीवर डकवला आहे.

उन्हाळ्यात धुराडं साफ करायचं आहे, तेव्हा बोल्टही तपासून द्या. आणि बिलात ग्राइंडिंग डिस्क लावलेल्या नाहीत, त्या लावा.