आईच्या दाढेबद्दल

नाशिक, रविवार रात्र

तीर्थरूप बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, तुमच्या गावातल्या दवाखान्यातल्या त्या दात उगवण्याच्या इंजेक्शनवरून परवा मी चिडून फोन ठेवला, त्याचं फार वाईट वाटतंय. "नव्वद हजार माझे, तोंड माझं, करून बघू की," असं तुम्ही म्हणालात. मला त्यावर धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र.

खालच्या कवळीने तुम्ही किती जेरीला आला आहात ते मला दिसतं. दिवाळीत तुम्ही चकली चहात बुडवून खात होतात, तेव्हा मी उठून आत गेले. अशा माणसाला कुणी सांगितलं की हिरडीत स्टेम सेलचं, म्हणजे ज्यांपासून दुसऱ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशींचं, इंजेक्शन दिलं की दात पुन्हा उगवतो, तर मोह होणारच. पण असा सिद्ध झालेला उपचार आज कुठेही नाही. तुम्ही पाठवलेली जपानची बातमी खरी आहे. क्योतो विद्यापीठाच्या रुग्णालयात २०२४ मध्ये चाचणी सुरू झाली. फक्त ते स्टेम सेल नव्हेत. शरीरातलं एक प्रथिन दाताची वाढ रोखतं, त्याला अडवणारं ते औषध आहे. आधी उंदरांवर आणि फेरेट या प्राण्यावर झालं, मग ३० प्रौढ पुरुषांवर, आणि तेही आधी औषध बाधत नाही ना, एवढंच पाहायला. त्यानंतर पाळी यायची ती जन्मतः दात कमी असलेल्या मुलांची.

तुमच्या गावातल्या त्या दवाखान्याचं म्हणाल, तर आपल्या देशात १५ जून २००९ पासून अशा चाचणीची सीटीआरआयकडे, म्हणजे माणसांवरच्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, आधी नोंद करावी लागते. ती यादी कुणालाही पाहता येते. मी रात्री बसून शोधली. त्यांचं नाव त्यात नाही. स्टेम सेलबद्दल आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. रक्ताच्या वगैरे काही ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं, तर मंजूर चाचणीबाहेर स्टेम सेल वापरणं ती अनैतिकच मानतात. शिवाय संशोधनाचा खर्च त्यात भाग घेणाऱ्याच्या माथी मारायचा नसतो. मग प्रयोग म्हणावा तर नव्वद हजार कशाचे, आणि उपचार म्हणावा तर पुरावा कुठे?

आई, आता तुझ्याशी बोलायचं आहे. अकरा वर्षं हे मनात ठेवलं.

दंतवैद्यकातल्या एमडीएसच्या दुसऱ्या वर्षी मी तुझ्या खालच्या डाव्या दाढेची हिरडी उघडून साफ केली होती, आठवतं? हाड झिजलं होतं. तिथे मी हाड भरून येण्यासाठी एक पूड भरली. ती आमच्या विभागात नेहमी वापरायची ती नव्हती. एका कंपनीच्या माणसाने नमुन्याची बाटली दिली होती, "वापरून बघा मॅडम" म्हणून. मी सरांना विचारलं नाही. तुलाही सांगितलं नाही. तू खुर्चीत बसताना एवढंच म्हणालीस, "तुला शिकायला मिळतंय ना, मग झालं."

दोन वर्षांनी ती दाढ हलायला लागली आणि काढावी लागली. तू नशिबाला बोल लावलास. पुडीने बिघडलं, की दाढ तशीही जाणारच होती, की माझा हात कच्चा होता, हे मला आजही सांगता येत नाही. मी काही मोजलं नव्हतं, लिहिलं नव्हतं, तुलना करायला काही ठेवलं नव्हतं. तू दुखणं सोसलंस आणि त्यातून कुणीच काही शिकलं नाही. तुझ्या विश्वासालाच मी तुझी परवानगी समजले. मला माफ कर.

स्वीडनमध्ये लुंद नावाचं शहर आहे. तिथल्या व्हिपेहोल्म संस्थेत १९४५ नंतर बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांवर दातांच्या किडीचे प्रयोग झाले. दाताला चिकटून राहील अशी मुद्दाम बनवलेली टॉफी काहींना दिवसाला २४ पर्यंत खायला घातली. त्यांचे दात किडले. ती माणसं नाही म्हणू शकत नव्हती आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. "गोड द्यायचं तर जेवणासोबत द्या, मधेमधे चिकट खाऊ नको," हे मी रोज मुलांच्या आयांना सांगते, त्यामागचा मोठा पुरावा तिथला आहे. हे बोलताना अजून घशाशी अडकतं.

आणि त्याच लुंदमध्ये, १९५२ साली, ब्रॉनेमार्क या स्वीडिश संशोधकाला सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियम हाडाशी एकजीव झालेलं आढळलं. माणसाच्या जबड्यात पहिला इम्प्लांट, म्हणजे दाताच्या मुळासारखा हाडात रोवायचा धातूचा स्क्रू, त्यांनी बसवला तो १९६५ मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी. यॉस्टा लार्सन या माणसाचा जबडा जन्मापासून सदोष होता, खालचे दात नव्हते; तो स्वतः तयार झाला. पुढे रुग्णांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या, १९८२ मध्ये टोरोंटोच्या परिषदेत मांडल्या, तेव्हा कुठे जगातल्या दंतवैद्यांनी मानलं. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर ते इम्प्लांट टिकले होते. तेव्हा बाबा, नव्याला माझा विरोध आहे असं समजू नका. पहिल्यांदा कुणाला तरी तोंड उघडावंच लागतं. मात्र ते त्याने जाणूनबुजून उघडावं आणि समोरच्याने त्याची पै-पैची नोंद ठेवावी.

तुमच्यासाठी खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी अडकवता येईल. ती हलत नाही. त्यातही काय बिघडू शकतं ते मी कागदावर लिहून देईन. वाचा, दोन दिवस विचार करा, नको वाटलं तर नाही म्हणा. तुमच्या साखरेकडे बघून, माझ्यापेक्षा अनुभवी अशा एका सहकाऱ्याकडून करून घेऊ. मी फक्त शेजारी उभी राहीन.

येताना साखरेचे रिपोर्ट आणि जुनी कवळी आणा. आई, तुझ्या दाढेचे दोन्ही एक्स-रे माझ्याकडे आहेत. तू आलीस की दाखवते.

तुमची,
ताई