बाळुती धुणाऱ्या नव्या बाबास

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू एका दमात तीन गोष्टी सांगितल्यास. लंगोट रोज धुतोस तरी वास येतो, छकुलीचं ढुंगण लाल झालंय, आणि आता धुण्याच्या पाण्यात जंतुनाशक घालून बघणार आहेस. मी एवढंच म्हटलं की जंतुनाशक तूर्त राहू दे. बाकीचं तेव्हा सांगता येण्यासारखं नव्हतं, ती रडत होती आणि तुझं सगळं लक्ष तिच्याकडे होतं. म्हणून हे सविस्तर लिहिते. एका बैठकीत वाचून झालं नाही तरी चालेल.

आधी तो वास कशाचा, ते समजून घे. ताज्या शूला फारसा वास नसतो. शूमध्ये युरिया असतो आणि ओल्या कापडात जंतू वाढले की ते त्या युरियाचा अमोनिया करतात. रात्रभराचा लंगोट सकाळी काढताना नाकात झिणझिण्या येतात, डोळे चुरचुरतात, तो हा अमोनिया. बाळाची कातडी मुळात किंचित आम्लधर्मी असते, तेच तिचं संरक्षण. अमोनियाने ते जातं, शिवाय शीमध्ये जी पाचक द्रव्यं असतात त्यांना जोर चढतो आणि ती कातडीला लागतात. म्हणून शू आणि शी एकाच लंगोटात मुरत राहणं सगळ्यात वाईट. शी झाली की लगेच बदलायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. नुसती शू असेल तर दर दोन-तीन तासांनी बदललंस तरी पुरे.

आता धुण्याकडे येते. माझं सगळं म्हणणं एका गोष्टीभोवती आहे: धुऊन झालेल्या लंगोटात काहीही शिल्लक राहता कामा नये. शू नको, शी नको, आणि साबणही नको. लोक पहिल्या दोन गोष्टींच्या मागे लागतात आणि तिसरी विसरतात. वास आला की साबण वाढवायचा, तरी आला की जंतुनाशक, मग सुवासासाठी सॉफ्टनर. हे सगळं कापडात साठत जातं आणि ओल्या कापडातून दिवसरात्र तिच्या कातडीला लागत राहतं. तुझं जंतुनाशक मी थांबवलं ते यासाठीच. साबण, गरम पाणी, भरपूर विसळणं आणि नीट वाळवणं एवढ्यावर रोजचे लंगोट उत्तम स्वच्छ होतात.

सॉफ्टनर तर घरात असेल तर या कपड्यांपासून लांब ठेव. तो धाग्यावर पातळ थर चढवतो, म्हणून कापड हाताला मऊ लागतं. पण त्याच थरामुळे लंगोट मेणकापडासारखा होतो आणि पाणी धरत नाही. रॅशवर लावायच्या घट्ट पांढऱ्या मलमाचंही तसंच. मलम लावायचं असेल तेव्हा आत एक पातळ सुती फडकं घाल आणि ते वेगळं धू. शंका आली तर वाळलेल्या लंगोटावर चमचाभर पाणी टाकून बघ. ते लगेच आत शिरलं पाहिजे. थेंब मोत्यासारखे वर थांबून राहिले, तर कापडावर काहीतरी चढलंय.

साबण उरलाय का, हेही बघता येतं. धुऊन वाळवलेला एक लंगोट स्वच्छ कोमट पाण्यात घाल आणि हाताने जोरात खळबळ. पाणी साधंच राहिलं तर ठीक. फेस आला, पाणी दुधाळ किंवा बुळबुळीत झालं, तर कालच्या धुण्याचा साबण अजून आत आहे. असं झालं तर सगळे लंगोट साबण न घालता गरम पाण्यात धुऊन काढ, आणि फेस येईनासा होईपर्यंत पाणी बदलत राहा. त्यानंतर छकुलीची लाली उतरते का बघ. मला वाटतं, तुझ्याकडे हीच भानगड असणार, कारण वास आल्यावर तू साबण दुप्पट केलास असं तूच सांगितलंस.

पण म्हणून साबण अगदी चिमूटभर घालू नकोस. साबण कमी पडला तर शू आतच राहते आणि मग अमोनिया. माप पाण्यावर ठरतं. तुमच्याकडचं पाणी जड आहे का ते आधी बघ: नळाच्या तोटीवर पांढरे डाग धरतात का, साबणाला फेस चटकन येतो का. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते साबण गिळतात. साध्या साबणवडीचा तर त्या पाण्यात चिकट, करड्या रंगाचा साका होतो, तो कापडाला धरून बसतो आणि कितीही विसळलं तरी निघत नाही. म्हणून लंगोटांना वडी नको, कपड्यांची साधी पावडर घे, शक्यतो वास आणि रंग नसलेली. पाणी जड असेल तर तिच्याबरोबर थोडा धुण्याचा सोडा घाल. सोडा ते क्षार बाजूला करतो आणि पावडरला तिचं काम करू देतो. मात्र सोड्याचं पाणी हाताला लागतं, हाताने धूत असशील तर हातमोजे घाल. आणि खाण्याचा सोडा तो हा नव्हे.

कामाचा क्रम असा. लंगोट काढलास की शी असेल तर ती संडासात जाऊ दे, जेटने किंवा धारेखाली धरून. छकुली अजून फक्त अंगावरच पिते, तोवर तिची शी पाण्यात सहज विरघळते, हे काम सोपं आहे. वरचं खाणं सुरू झालं की शी घट्ट होईल, तेव्हा आत पातळ कागदी लायनर घातलंस तर उचलून टाकता येईल. लायनरच्या पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, ते संडासात सोडू नकोस, पाइप तुंबतात. कचऱ्यात टाक. शूचे लंगोटही तसेच बादलीत टाकू नकोस, एकदा थंड पाण्यातून काढून पिळ, विशेषतः रात्रीचे. अर्धा अमोनिया तिथेच संपतो.

मग ते कोरड्या बादलीत ठेव. पाण्यात भिजत घालून ठेवायची सवय पुष्कळांना असते. मला ती दोन कारणांनी पटत नाही. एक तर ते पाणी तासाभरात घाण होतं आणि सगळे लंगोट त्याच घाणीत मुरतात, लंगोटावरून घालायच्या कव्हरचं इलॅस्टिकही खराब होतं. दुसरं कारण जास्त मोठं आहे. काही महिन्यांत ती रांगायला लागेल, धरून उभी राहील. लहान मूल अगदी थोड्या पाण्यातही बुडू शकतं, आणि बादलीत डोक्यावर पडलं तर त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. घरात भरलेली बादली नको, हे आत्तापासूनच अंगवळणी पाड. कोरड्या बादलीला हवा लागू दे, झाकण घट्ट लावलं की आत वास कोंडतो. आणि दोन दिवसांच्या वर धुणं साठवू नकोस.

पहिलं पाणी नेहमी थंड. शीचा डाग प्रथिनांचा असतो, त्यावर एकदम गरम पाणी पडलं की तो धाग्यात पक्का बसतो. थंड पाण्यात एकदा खळबळून ते पाणी ओतून दे, मगच पावडर आणि गरम पाणी. सुती लंगोट आणि आतल्या पॅडना 60 अंश ठीक. कव्हरला मात्र 40 च्या वर जाऊ नकोस. त्याच्या आतल्या बाजूला पाणी अडवणारा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो, तो जास्त उष्णतेने सुटतो. एकदा सुटला की ते कव्हर गेलंच. कव्हरला इस्त्री तर अजिबात नको. हाताने धूत असशील तर 60 अंशांच्या पाण्यात हात घालू नकोस, भाजेल. काठीने ढवळ, निवल्यावर चोळ.

मशीन लावत असशील तर ड्रम पाऊण भरलेला हवा. लंगोट एकमेकांवर घासले गेले तरच स्वच्छ होतात. चारच टाकलेस तर ते नुसते फिरत राहतात, आणि कोंबून भरलेस तर पाणी मध्यापर्यंत पोचत नाही. मोजकेच असतील तर त्यांच्याबरोबर टॉवेल, दुपटी टाक. पुढून दार असलेली मशीन पाणी फार कमी घेतात, म्हणून जास्तीचं विसळणं निवडायला विसरू नकोस. कव्हरचे चिकटपट्टीचे (व्हेलक्रोचे) पंख बंद करून टाक, नाहीतर ते बाकीच्यांना ओरबाडतात.

नवीन घेतलेले सुती किंवा बांबूचे पॅड आधी पाच-सहा वेळा धुऊन काढ. नव्या सुती धाग्यावर नैसर्गिक तेल असतं, ते गेल्याशिवाय पॅड नीट शोषत नाही. पहिल्याच दिवशी गळतं म्हणून लोक चांगलं पॅड बाजूला टाकतात. मायक्रोफायबरचे पॅड असतील तर ते थेट तिच्या अंगाला लावू नकोस, ते कातडीतलाही ओलावा ओढून घेतात. कापडाच्या खिशातच घालायचे. ते पटकन शोषतात, पण दाब पडला की सोडतात, म्हणून खाली एक सुती पॅड असू दे. मुलींची शू मधे आणि मागे जाते, तर घडी तिथे जाड ठेव.

वाळवणं तुला बिनमहत्त्वाचं वाटेल, पण अर्धवट ओला लंगोट घडी घालून ठेवलास की सगळी मेहनत वाया. पिळून झटकून दोरीवर पसरून टाक, मधे हवा खेळेल असं अंतर ठेवून. पिवळे डाग राहिले असतील तर लंगोट ओला असतानाच उन्हात घाल. ऊन डाग ज्या सफाईने काढतं तसं कुठलीही पावडर काढत नाही. आणि राहिला एखादा फिका डाग तर राहू दे. डाग म्हणजे घाण नव्हे. स्वच्छ आहे की नाही ते नाकाने ठरव, डोळ्यांनी नको. कव्हर सावलीत वाळव, ती लवकर वाळतात, आणि दोरीवर आडवी टाक, म्हणजे ओल्या वजनाने इलॅस्टिक ताणलं जात नाही. ऊन नसेल तेव्हा पंख्याखाली वाळव. बोटाने शिवणीच्या कडेला दाबून बघ, सगळ्यात शेवटी तिथलीच ओल जाते.

ब्लीच रोज लागत नाही. बुरशीची लागण झाली तर डॉक्टर सांगतील तेव्हाच आणि तेवढंच. तेव्हाही लंगोट आधी पाण्यातून काढून शू घालवलेली हवी, कारण अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की विषारी वाफ होते. व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं ॲसिड ब्लीचजवळ आणलंस तर क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये हे जिवावर बेतू शकतं. हे फार गंभीरपणे लिहितेय, तेवढंच गंभीरपणे घे.

तिच्या लालीचं म्हणशील तर प्रत्येक वेळी बदलताना साध्या पाण्याने पूस, टिपून कोरडं कर, चोळू नकोस, आणि दिवसातून थोडा वेळ तिला मोकळी ठेव. दोन-तीन दिवसांत उतरलं नाही, किंवा जांघेच्या घडीत गडद लाल होऊन आजूबाजूला बारीक पुरळ उठलं, तर ती बुरशी असू शकते. तेव्हा घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि तोवर दोन-चार दिवस विकतचे डायपर वापरलेत तर त्यात काही कमीपणा नाही. ती बरी व्हायला हवी, हे पहिलं.

तू म्हणालास की पर्यावरणासाठी कापडी निवडलेत. चांगलंच केलंत, पण तेही धुण्यावरच ठरतं. 2008 साली ब्रिटनमध्ये सरकारी संस्थांनी याचा हिशेब मांडला होता. एका मुलाच्या अडीच वर्षांसाठी विकतच्या डायपरचा भार साधारण 550 किलो कार्बन डायऑक्साइडइतका, आणि सरासरी पद्धतीने धुतलेल्या कापडी लंगोटांचा 570, म्हणजे जवळजवळ सारखाच. मशीन नीट भरून धुतले, दोरीवर वाळवले आणि तेच दुसऱ्या मुलालाही वापरले, तर कापडींचा भार सुमारे 40 टक्क्यांनी खाली येतो. म्हणजे ड्रायर लावू नकोस, आणि हे लंगोट जपून ठेव. ती मोठी झाली की शेवटचं धुणं बिनसाबणाचं करून, खडखडीत वाळवून सुती पिशवीत ठेवा. साबणाचा अंश आणि ओल राहिली तर इलॅस्टिक कुजतं.

आणखी एक. हे काम तू अंगावर घेतलंस याचं मला फार बरं वाटलं. सूनबाईला या दिवसांत विश्रांती हवी, आणि मुलीचं धुणं ही बापाचीही गोष्ट आहे. मात्र रोज थोडं थोडं कर. रात्री अकराला बादली रिकामी करत बसू नकोस, तिच्याबरोबर तुझीही झोप महत्त्वाची आहे. दिवसाला दहा-बारा लागतात, तर वीस-चोवीस घरात असू देत, म्हणजे एक दिवसाआड धुतलंस तरी ओढाताण होणार नाही.

आज तो कोमट पाण्याचा प्रयोग करून बघ आणि फेस आला का ते कळव. नळावर डाग धरतात का तेही सांग, मग पावडरचं माप आपण फोनवर ठरवू. सूनबाईला आशीर्वाद, छकुलीचा पापा.

तुझी,
आई