आरएक्सचा पाइप कापू नका, साफ करा

महोदय,

मोठ्या आवाजाचे सायलेन्सर जप्त करून त्यांच्यावर रोडरोलर फिरवल्याच्या बातम्या वरचेवर वाचतो. कारवाई व्हायलाच हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, ३ महिने लायसन्स जाऊ शकतं, हे पोरांनाही ठाऊक आहे. तरी यामाहाच्या जुन्या आरएक्स-१०० मोटारसायकलचे पाइप, म्हणजे सायलेन्सर, कापले जातातच, कारण पाइप मोकळा केला की गाडी जास्त पळते अशी त्यांची पक्की समजूत आहे. ती चुकीची आहे.

मी १९९१ पासून ही गाडी वापरतो. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती. टू-स्ट्रोक इंजिनाला एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह नसतो, नुसती खिडकी असते आणि ती पिस्टनच उघडतो-मिटतो. धूर बाहेर पडताना थोडं ताजं पेट्रोलही त्याच वाटेने निसटतं. पाइपचं पोट आधी रुंदावतं, मग निमुळतं होतं, ते उगाच नव्हे. निमुळत्या भागावर आपटून दाबाची लाट माघारी येते आणि खिडकी मिटण्याआधी ते निसटलेलं पेट्रोल पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात याच लाटेवर काम करून रेसच्या गाड्या पळवल्या. त्या पोटालाच भोकं पाडली तर लाट परतणार कुठून? आवाज वाढतो, पिकअप पडतो, पेट्रोल धुरातून जातं.

माझ्या भाच्याने गेल्या वर्षी हेच केलं. गॅरेजवाल्याने बॅफल, म्हणजे पाइपच्या टोकातली आवाज दाबणारी नळी, काढून फेकला, पोटाला ड्रिल मारलं, कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, मात्र जुनाच ठेवला. मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पंधरवड्यात पन्हाळ्याच्या चढावर पिस्टन जाम झाला, मागचं चाक लॉक झालं. मागून एसटी येत होती. पोरगा वाचला, पण ती रात्र माझी बहीण अजून विसरलेली नाही. उघडल्यावर पाहिलं तर पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे आणि प्लग चुन्यासारखा पांढरा.

गाडी ओढत नसेल तर बहुतेक वेळा कार्बन साचलेला असतो. सायलेन्सरच्या टोकाजवळचा छोटा बोल्ट काढा, बॅफल पक्कडीने ओढा. डांबरासारखी चिकट काजळी निघेल. बॅफल जाळून घ्या, तारेच्या ब्रशने घासा आणि पुन्हा बसवा. सिलिंडरच्या खिडकीवरचा थरही जपून खरवडून घ्या. ऑइल मोजून टाका. गाडी पुन्हा पूर्वीसारखी उचलते, हे मी दर पावसाळ्यानंतर अनुभवतो.

या गाडीचं उत्पादन १९९६ मध्येच थांबलं. कंपनीचा चांगला पाइप आता शोधूनही मिळत नाही. म्हणून वाहतूक शाखेला विनंती आहे: पाइप मूळचा आणि अखंड असेल, फक्त बॅफल काढलेला असेल, तर दंड जरूर घ्या, पण पाइप चिरडू नका. चालकाला बॅफल बसवून गाडी पुन्हा दाखवायला लावा. कापलेले आणि भोकं पाडलेले पाइप खुशाल रोलरखाली घाला. आणि ते कोणत्या गॅरेजमध्ये कापले, हे त्याच वेळी विचारून तिथेही जा.

— एक वाचक, कोल्हापूर