डोळ्यात न झालेली गाठ

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू वैतागून म्हणालीस, "बाबा, उंदरांचा कॅन्सर हजारदा बरा झालाय, माणसांचं काय?" मी विषय बदलला, कारण उत्तर सुचलं नव्हतं. आता लिहितो.

पेशींच्या वाढीला लगाम घालणारं आरबी जनुक घे. मुलांच्या डोळ्यातल्या गाठींचा हिशेब मांडून नुडसन या अमेरिकन संशोधकांनी १९७१ मध्ये सांगितलं, की गाठ व्हायला दोन घाव लागतात. पुढे ते दोन घाव म्हणजे आरबीच्या दोन्ही प्रती निकामी होणं, हे कळलं. मग १९९२ मध्ये एक प्रत मोडलेले उंदीर तयार झाले. सगळ्यांचं लक्ष डोळ्यांकडे. डोळे ठणठणीत, आणि गाठ निघाली मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत! दोन्ही प्रती नसलेली पिल्लं तर जन्माआधीच गेली. उंदीर बिनकामाचा ठरवायला एवढं पुरे होतं. पण उंदराच्या डोळ्यात पी१०७ हे आरबीसारखंच, त्याचं भावंड असलेलं जनुक त्याचं काम सांभाळून घेतं, हे त्यातूनच उलगडलं. तेही काढल्यावर डोळ्यात गाठ झाली. मला तर न झालेली गाठच जास्त शिकवून गेली.

पी५३ या दुसऱ्या जनुकाची तऱ्हा वेगळी. १९७९ मध्ये सापडल्यावर दहा वर्षं त्याला कॅन्सर घडवणारं समजत होते, निघालं राखणदार. ते नसलेले उंदीर धडधाकट जन्मले, पण सहा महिन्यांत बहुतेकांना गाठी झाल्या. २००७ मध्ये वाढलेल्या गाठीत पी५३ पुन्हा सुरू करून पाहिलं, तर गाठी आक्रसल्या. काही पेशी मेल्या, काहींनी विभाजन थांबवलं. एकदा माजलेली गाठ मूळ बिघाड दुरुस्त करून आटोक्यात येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

तुझ्या प्रश्नाची मेख इथेच आहे. त्या उंदरांत जनुकाचं बटण आधीच बसवून ठेवलेलं होतं. माणसात ते कुठून आणणार? आपली नेम धरून मारणारी बहुतेक औषधं जास्तीचं काम करणारं प्रथिन अडवतात. इथे मुळात राखणदारच जागेवर नाही, किंवा आहे तो मोडका. शिवाय तो राखणदार सतत जोरात चालू ठेवणंही परवडत नाही: २००२ मधल्या अशा उंदरांना गाठी कमी झाल्या, पण म्हातारपण लवकर आलं.

तुझ्या पिंजऱ्यातले ते चार उंदीर अजून निरोगीच आहेत का? त्यांच्या प्लीहा न विसरता बघ, आणि काय दिसलं ते कळव.

तुझा,
बाबा