करवानीच्या पिल्लाला ससा दिसतो तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तळजाई, वेताळ टेकडी, बाणेर-पाषाणची टेकडी इथे पहाटे पट्टा काढून मोकळी सोडलेली उंच, सडपातळ, लांब तोंडाची कुत्री अलीकडे बरीच दिसतात. त्यांत करवानी (म्हणजेच मुधोळ) असतात, त्यांचेच लांब केसांचे पश्मी असतात आणि ‘इंडी’ म्हणून दत्तक घेतलेली, पण निम्मे रक्त करवानीचे असलेलीही पुष्कळ असतात. ऑगस्ट २०२०च्या ‘मन की बात’मध्ये मुधोळ, राजपालयम अशा देशी जातींचा उल्लेख झाल्यापासून त्यांच्याकडे लोकांचे लक्ष गेले, ही चांगलीच गोष्ट. मात्र पाच-सहा महिन्यांचे पिल्लू गवतातून उठलेल्या सशामागे पहिल्यांदा सुसाट जाते, तेव्हा मालक एक तर कौतुकाने मोबाइल काढतो, नाही तर घाबरून ओरडत सुटतो. दोन्हींचा उपयोग नसतो. मग घरी येऊन इंटरनेटवर सल्ला शोधला जातो आणि तो सापडतो इंग्लंडचा. हे पत्र मुख्यतः त्या सल्ल्याविषयी आहे.

ग्रेहाउंड किंवा व्हिपेट यांचा कोली, टेरियर अशा कामाच्या कुत्र्यांशी संकर झाला की त्याला इंग्लंडात ‘लर्चर’ म्हणतात. ही जात नव्हे, प्रकार आहे. आपल्याकडचा करवानी आणि गावठी यांचा संकर हा त्याचा सख्खा चुलतभाऊ म्हणायला हरकत नाही. म्हणूनच ‘लर्चरचे पिल्लू सशांमागे लागले तर’ अशा मजकुरातला सल्ला इथे लागू पडेल असे वाटते. तिथली मंडळी सांगतात की घाई करू नका, वर्षभर थांबा, मग जमीनमालकाची परवानगी घेऊन हलके हलके सशांवर सोडा. सल्ला तिथल्या पुरता ठीक आहे. पण तिथला ससा वेगळा.

मराठीत ‘ससा’ या एका शब्दात इंग्रजीतले दोन प्राणी बसतात. ‘रॅबिट’ बिळात राहतो. कुत्रे दिसले की पन्नास-शंभर मीटर धावून तो बिळात घुसतो आणि पाठलाग काही सेकंदांत संपतो. पिंजऱ्यातला पांढरा ससा त्याच कुळातला. आपल्या टेकड्यांवरचा, मानेवर काळा डाग असलेला ससा हा ‘हेअर’. त्याला बीळ नसते, गवतात अंगापुरता खळगा करून तो दबून बसतो. पाय पडेपर्यंत हलत नाही आणि उठला की उघड्यावर वळणे घेत लांबवर पळतो. त्यामुळे इथला पाठलाग बिळाशी संपत नाही. तो रस्त्यावर, तारेच्या कुंपणात किंवा कठडा नसलेल्या विहिरीत संपू शकतो. इंग्लंड-वेल्समध्येसुद्धा २००४च्या कायद्याने कुत्र्याकडून रॅबिट मारून घेण्याची मुभा जमीनमालकाच्या संमतीपुरती ठेवली आणि हेअरला ती मुभा दिलीच नाही. आपल्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तर शिकारीच्या व्याख्येतच प्राण्यामागे कुत्रे घालणे, त्याला हाकणे आणि तसा प्रयत्न करणेही येते. ससा मेला नाही म्हणून गुन्हा झाला नाही, असे नाही. पाठलागाचे रील टाकणारे तर स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच्या हातांनी जगासमोर ठेवतात!

पिल्लू वाया गेले, असा मात्र याचा अर्थ नाही. ते बिघडलेले नसते, मोठे होत असते. दिसणे, टक लावणे, दबकणे, पाठलाग, पकड, मारणे, खाणे अशी ही साखळी सगळ्याच कुत्र्यांत असते. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून प्रत्येक जातीत तिची वेगळी कडी बळकट केली. मेंढपाळ कोलीत टक लावणे आणि दबकणे, लॅब्राडोरमध्ये उचलून आणणे, करवानीत पाठलाग. पाठलाग हेच त्याला बक्षीस वाटते. हातात काहीही लागले नाही तरी धावण्याची मजा मिळालेली असते, त्यामुळे ‘आपोआप सुटेल’ ही आशा फोल. दोन-तीन यशस्वी पाठलाग झाले की सवय पक्की होते. म्हणून सहा ते चौदा महिन्यांच्या काळात एकही मोकळा पाठलाग घडू न देणे, हे अर्धे काम.

पहिली वस्तू पट्टा. या कुत्र्यांचे डोके मानेपेक्षा फारसे रुंद नसते, त्यामुळे साधा पट्टा मागे खेचला की कानावरून निसटतो. चार ते पाच सेंटीमीटर रुंदीचा मार्टिंगेल पट्टा घ्यावा. तो ओढल्यावर आवळतो, पण ठरावीक मापापलीकडे नाही. लांब दोरी मात्र पट्ट्याला कधीही बांधू नये, ती हार्नेसच्या, म्हणजे छातीभोवती बांधायच्या पट्ट्यांच्या, पाठीवरच्या कडीला. दहा मीटर दोरीच्या टोकाला पूर्ण वेगात धक्का बसला तर मानेचे हाल होतात. दोरी साधारण दोन सेंटीमीटर रुंदीच्या चपट्या फितीची, आठ ते दहा मीटर लांब, टोकाला फास किंवा गाठ नसलेली असावी. गाठ दगडात आणि घाणेरीच्या झुडपात अडकते. गोल नायलॉनची दोरी हाताची साल काढते. बटण दाबून गुंडाळली जाणारी दोरी तर अजिबात नको. ती बारीक असते, पायाला चिरते आणि मूठ हातातून सुटली की तोच डबा खडखडत मागे येतो व घाबरलेले पिल्लू आणखी पळते.

दुसरी गोष्ट शिट्टी. हाक मारताना आपला आवाज रागाने-भीतीने बदलतो, शिट्टी बदलत नाही. दहाव्या आठवड्यापासून सुरुवात करावी. जेवणाचे भांडे खाली ठेवताना तीन छोट्या शिट्ट्या, दिवसातून तीन वेळा, दोन आठवडे. मग दुसऱ्या खोलीतून, मग गच्चीवर, मग सोसायटीच्या आवारात, मग दोरीवर मैदानात. बक्षीस म्हणून बिस्किटे पुरत नाहीत. उकडलेली कलेजी किंवा चिकन, बोराच्या बीएवढे तुकडे, प्रत्येक वेळी पाच-सहा, एकामागून एक. आणि एक नियम काटेकोर पाळावा. ते येणार नाही असे वाटत असेल, तेव्हा शिट्टी वाजवू नये. पाठलाग सुरू झाल्यावर दहा वेळा वाजवलेली शिट्टी पिल्लाला एवढेच शिकवते की हा आवाज कानाआड करता येतो. मग नवी शिट्टी, नवा आवाज आणि पुन्हा पहिल्यापासून.

खरी संधी पाठलागाच्या आधीची. कान उभे राहतात, तोंड मिटते, शेपूट ताठ होते, एक पाय अधांतरी थांबतो. हे एक-दोन सेकंद आपले. तेव्हा हाक ऐकून मान वळली तर लगेच बक्षीस. नाकापाशी धरलेली कलेजीही दिसत नसेल तर आपण फार जवळ आलो आहोत, मुकाट्याने मागे फिरावे. सराव सशांवर करूच नये. गावाबाहेर चरणारा शेळ्यांचा कळप किंवा पार्किंगमधली कबुतरे पुरतात. साठ-सत्तर मीटरवरून सुरू करावे. दहापैकी आठ वेळा मान वळली तर दहा मीटर पुढे जावे, नाही तर दहा मीटर मागे. पावसाळ्यात दोन आठवडे सराव चुकला की पाच पायऱ्या मागे येतो, हेही धरून चालावे.

पळून गेलेले कुत्रे वीस मिनिटांनी जीभ काढत परत आले की त्याला फटके देणारे फार आहेत. कुत्र्याच्या हिशेबात तो मार सशामागे गेल्याचा नसतो, परत आल्याचा असतो. पुढच्या वेळी ते हाताच्या अंतरावर घोटाळत राहते, जवळ येत नाही. विजेचा झटका देणारे पट्टे वापरणाऱ्यांचेही तसेच. झटका बसताना समोर ससा असेलच असे नाही, लहान मूल असू शकते, शेजाऱ्याची म्हैस असू शकते. आणि ‘जरा रक्ताची चव लागू दे’ म्हणून बाजारातून ससा आणून पिल्लापुढे सोडण्याचा प्रकार निव्वळ क्रूर आहे. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्याची शिकार म्हणून पुढे ठेवणे हा गुन्हाच आहे.

पाठलागाची भूक मात्र भागवावी लागते, कारण ती कोंडली की सोफा फाटतो. दीड मीटरचा बांबू, तेवढीच दोरी, टोकाला जुने फडके. जमिनीलगत, मोठ्या गोलात फिरवावे, उड्या मारायला लावू नये. आधी ‘थांब’, मग ‘घे’, पकडल्यावर कलेजीच्या बदल्यात ‘सोड’. तीन मिनिटे झाली की बांबू नजरेआड. ‘सोड’ शिकवल्याशिवाय हा खेळ केला तर उलटा परिणाम होतो. पिल्लू जास्तच पेटते आणि मुलींच्या ओढण्या ओढू लागते. फरशी, पेव्हर ब्लॉक, डांबर यांवर खेळू नये. हाडांच्या टोकांच्या वाढीच्या चकत्या मोठ्या चणीच्या कुत्र्यांत बारा-चौदा महिन्यांपर्यंत मिटत नाहीत. तोवर वेगात तीव्र वळणे टाळावीत. पिल्लू आपणहून दोन फेऱ्या मारून थांबते ते चालते. दुचाकीमागे पळवणे नाही. जेवणानंतर दोन तास धावणे नाही, खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो.

आता टेकडीचे धोके. पावसाळा संपला की कुसळी गवताची कुसळे तयार होतात. कुसळाला मागे वळलेले केस असतात, त्यामुळे ते आतच जाते, बाहेर येत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्या, कान, डोळ्यांच्या कडा, काखा रोज तपासाव्यात. पाय सतत चाटणे किंवा मान एका बाजूला झुकवून झटकणे दिसले की त्याच दिवशी डॉक्टर. तारेने कातडे फाटते तेव्हा जखम लहान दिसते, पण या कुत्र्यांचे कातडे पातळ असल्याने आत कातडे सुटून पिशवी झालेली असते. टाके घालण्याआधी ‘हे करवानीच्या रक्ताचे आहे’ असे सांगावे. ग्रेहाउंड वर्गातल्या कुत्र्यांच्या शरीरातून थायोपेंटोनसारखे भुलीचे औषध सावकाश निघते, डॉक्टर दुसरे निवडू शकतात. उन्हाळ्यात सकाळी साडेसातनंतर धावणे बंद. पडलेल्या कुत्र्याच्या अंगाचे तापमान ४१ अंशांवर गेले असेल तर बर्फ शोधत बसू नये, साधे पाणी अंगावर ओतत, वारा घालत दवाखाना गाठावा. जोराच्या धावेनंतर लघवी काळपट-तपकिरी झाली तर स्नायू तुटत आहेत, तीही तातडीची वेळ.

इतके करूनही कधी ससा तोंडात आलाच, तर ओढाओढी करू नये, दोघेही फाटतात. कलेजीच्या बदल्यात सोडवावा, हवेला भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवावा, पाणी पाजू नये आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. गवतात एकटे दिसणारे सशाचे पिल्लू बहुधा अनाथ नसते. ते डोळे उघडे ठेवून, अंगावर केस घेऊनच जन्मते आणि आई संध्याकाळी येऊन पाजून जाते. त्याला उचलू नये. कुत्र्याने ससा खाल्ला असेल तर पट्टकृमीसाठी जंताचे औषध डॉक्टरांना विचारून द्यावे. रेबीज व डिस्टेंपरच्या लसी आधीच झालेल्या असल्या पाहिजेत. त्या कुत्र्यापुरत्या नाहीत, टेकडीवरच्या मुंगसा-कोल्ह्यांसाठीही आहेत.

सुपे, कडबनवाडीच्या माळांवर कुत्री घेऊन ‘आउटिंग’ला जाणाऱ्यांनी तर जाऊच नये, दोरीवरही नाही. तिथे चिंकारा आहे, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर टिटवी, चंडोल जमिनीवर अंडी घालतात. ‘आमचा काही करत नाही हो’ हे वाक्य टिटवीला कळत नाही.

मग या कुत्र्यांनी धावायचे कुठे? सध्या काही जण बॉक्स क्रिकेटचे जाळीबंद मैदान पहाटे तासाभरासाठी ठरवतात. मालकाची संमती असेल, जाळीचा खालचा काठ जमिनीला नीट बांधलेला असेल आणि कृत्रिम गवत उन्हाने तापलेले नसेल, तर सोय बरी आहे. महापालिका कुत्र्यांचा परवाना घ्यायला लावते, तो घ्यावाच. पण त्या बदल्यात उपनगरांत निदान दोन बंदिस्त मैदाने द्यावीत. ऐंशी ते शंभर मीटर लांबी, सहा फूट उंच जाळी, गोलाई दिलेले कोपरे, मातीची जमीन, एकामागे एक दोन फाटके आणि पाण्याचा एक नळ. पिल्लांसाठी आणि मोठ्यांसाठी वेगळी वेळ ठरवली तर भांडणेही कमी होतील. शहरातल्या श्वानसंघटनांनी तिथे मोटरवर ओढल्या जाणाऱ्या फडक्यामागे धावण्याचे सराव भरवले, तर त्या फडक्याला कोणत्याही कायद्याचे संरक्षण लागणार नाही.

आपला,
एक श्वानपालक,
कोथरूड, पुणे