सिंबलचा स्वेल म्हणजे पन्नास टोले नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इलेक्ट्रॉनिक ड्रम घ्यायचाय म्हणून कुणी चौकशी केली की हमखास एक उत्तर मिळतं, बाकी सगळं होईल पण त्यावर सिंबलचा स्वेल विसरा. स्वेल म्हणजे सिंबलवर, ड्रमसोबतच्या धातूच्या थाळीवर, लागोपाठ हलके टोले देत हळूहळू फुलवत नेलेला एकसंध आवाज. आणि ज्याने आधीच घेतलाय त्याला सांगतात की अजून महागातलं मॉड्यूल, म्हणजे पॅडवरच्या टोल्याला आवाज देणारी पेटी, घे. मला ही दोन्ही उत्तरं पटत नाहीत. गेली बरीच वर्षं मी दोन्ही प्रकारचे ड्रम वाजवतोय आणि या एका आवाजामागे फार वेळ घालवलाय, म्हणून हे पत्र.

आधी खऱ्या सिंबलवर काय होतं ते बघू. मऊ मॅलेट (गुंडाळलेल्या डोक्याची काठी) घेऊन कडेजवळ हळूहळू रोल, म्हणजे दोन्ही हातांनी भरभर टोले, सुरू केला की पहिल्यांदा नुसतं खालचं घुमणं ऐकू येतं, टोला असा ऐकूच येत नाही, लांबून पावसाची सर यावी तसं. पुढचा प्रत्येक टोला आधीच थरथरणाऱ्या पत्र्यावर पडतो, त्यात ऊर्जा साठत जाते आणि एका मर्यादेनंतर ती खालच्या कंपनांतून वरच्या कंपनांत पसरायला लागते, तेव्हा तो चमकदार सळसळाट उघडतो. म्हणजे स्वेलमध्ये आवाज मोठा होतो एवढंच नाही, त्याचा रंगही बदलतो.

आता इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या पॅडचं बघा. रबराखालचा सेन्सर फक्त टोला कधी पडला आणि किती जोरात पडला एवढंच सांगतो, मिडीच्या (इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांना टोले-सूर कळवायच्या पद्धतीच्या) भाषेत 1 ते 127 मधला एक आकडा. बहुतेक मॉड्यूल त्या आकड्याप्रमाणे एक रेकॉर्ड केलेला टोला पहिल्यापासून वाजवतं, आणि तो रेकॉर्ड करताना सिंबल शांत होता! प्रत्येक टोल्याला काठीची टिकटिक नव्याने ऐकू येते, तेच तेच सॅम्पल, म्हणजे तोच रेकॉर्ड केलेला टोला, लागोपाठ आलं की मशीन गनसारखं वाटतं, आणि मॉड्यूलची एका वेळी आवाज वाजवायची क्षमता संपली की आधीच्या टोल्यांची शेपटं मधेच तुटतात. हात कितीही चांगला असला तरी हे होणारच, त्यामुळे नवशिक्यांनी स्वतःला दोष देऊ नये असं मला मनापासून वाटतं. सिंबल हा मशीनला पहिल्यापासून जड गेलेला आवाज आहे, 1980 च्या लिन एलएम-1 ड्रम मशीनमध्ये क्रॅश आणि राईड हे दोन मोठे सिंबल नव्हतेच, कारण मेमरी महाग होती आणि सिंबल फार वेळ वाजत राहतो.

मग करायचं काय? मला सगळ्यात जास्त फरक पडला तो आवाज बदलल्यावर. क्रॅशचा काठीने वाजवलेला आवाज काढून मॅलेटने वाजवलेला आवाज लावा, त्यात टिकटिक नसते म्हणून टोले एकमेकांत मिसळतात. पण हातात मॅलेट घेऊन रबरावर वाजवायला जाऊ नका, मऊ टोल्याचा धक्का इतका हळू चढतो की सेन्सरला तो बरेचदा कळतच नाही. काठीच घ्या, अगदी हलक्या हाताने, आणि जमलं तर तोच आवाज एखाद्या मेशच्या (जाळीच्या) पॅडवर लावून बघा, तिथे हलके टोले जास्त नीट पकडले जातात. थ्रेशोल्ड, म्हणजे किती हलका टोला पॅडने मोजायचा ती मर्यादा, कमी करा, पण थोडा थोडाच, कारण फार खाली नेला की किक (पायाने वाजवायचा ड्रम) वाजवल्यावर सिंबल आपोआप वाजायला लागतो. रोल फार वेगात नको, अगदी सारखाही नको. आणि मुख्य म्हणजे घाई नको, बहुतेकजण पहिल्या सेकंदातच त्या मिडीच्या आकड्यात 100 च्या वर जातात, मग वर चढायला काही उरतच नाही. मी 15-20 पासून सुरू करतो आणि शेवटचा एक ठोका येईपर्यंत हात आवरून धरतो.

रेकॉर्डिंग करत असाल तर काम सोपं आहे. नुसता व्हॉल्यूम वर नेऊन भागत नाही, सोबत लो-पास फिल्टरही (वरचा चमकदार आवाज अडवणारा) हळूहळू उघडायचा, म्हणजे तो रंग बदलतो. काही सॉफ्टवेअरनी हा प्रश्न मुळातून हाताळलाय, बीएफडी 3 मध्ये सिंबल स्वेलसाठी वेगळं मॉडेलिंग आहे. तयार रेकॉर्ड केलेला स्वेल एका पॅडवर लावणं यालाही काहीजण नाकं मुरडतात, मला त्यात काही कमीपणा वाटत नाही, फक्त गणित सांभाळावं लागतं. 60 च्या टेम्पोत 4 मात्रा म्हणजे 4 सेकंद, 75 ला त्याच 4 मात्रा 3.2 सेकंदांत संपतात, त्यामुळे एका गाण्यात बरोबर समेवर येणारा स्वेल दुसऱ्या गाण्यात उशिरा पोचतो. एकदा एका गाण्यात माझा असाच उशीर झाला आणि गायिकेने पहिला शब्द उचलल्यावर मागून स्वेल आला, तेव्हापासून मी प्रत्येक गाण्यासाठी वेगळ्या लांबीचा ठेवतो. उलटा फिरवलेला क्रॅश मात्र स्वेल म्हणून वापरू नका, तो शिखरावर जाऊन कापल्यासारखा थांबतो, खरा स्वेल नंतरही कितीतरी वेळ विरत राहतो आणि खरी गोडी त्या विरण्यातच असते.

तुमच्या पेपरात वाद्यांबद्दल, गॅजेटबद्दल मजकूर येत असतो म्हणून एक विनंती. इलेक्ट्रॉनिक ड्रमचं परीक्षण लिहिताना पॅड किती, आवाज किती, ब्लूटूथ आहे का हे सगळे लिहितात. त्यासोबत लिहिणाऱ्याने एकदा 10 सेकंदांचा सिंबल रोल अगदी हळू सुरू करून हेडफोनवर ऐकावा, आणि टोले मिसळले की सुटे राहिले एवढं एक वाक्य छापावं. घेणाऱ्याला त्या एका वाक्यातून मॉड्यूलबद्दल जेवढं कळेल तेवढं आवाजांच्या यादीतून कळत नाही.

आपला,
एक ड्रम वाजवणारा वाचक