जड धातूंवरची सलाईन आणि नावातले कॅल्शियम

संपादक महोदय,

‘शरीरातील जड धातू बाहेर काढा’ असे सांगून चिलेशनच्या सलाईनची पॅकेजेस विकली जात आहेत. चिलेशन म्हणजे शिसे, पारा असे धातू पकडून लघवीवाटे बाहेर काढणारे औषध देणे. हा खरा उपचार आहे, पण तो विषबाधा सिद्ध झालेल्या रुग्णासाठी. थकवा आणि सांधेदुखीसाठी नव्हे.

विक्रीची सुरुवात बहुधा लघवीच्या तपासणीने होते. आधी औषध देतात, मग लघवी गोळा करतात. औषधाने निरोगी माणसाच्याही लघवीतून धातू जास्त पडतात आणि तो आकडा औषध न घेतलेल्यांच्या मर्यादेशी ताडला की अहवाल लाल येणारच. शिशासाठी औषधाआधी शिरेतून घेतलेले रक्त तपासावे. बोट टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरचे शिसे मिसळते.

मुलांच्या रक्तात साधारणपणे डेसिलिटरला 45 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे असेल तर औषध सुरू करतात. 20 ते 44 पातळीच्या 780 मुलांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीत (2001) सक्सिमर या चिलेशनच्या औषधाने रक्तातले शिसे उतरले, पण बुद्ध्यांकात फरक पडला नाही. सक्सिमर तोंडाने द्यायचे असते: किलोला 10 मिलिग्रॅम, पाच दिवस दर आठ तासांनी, पुढे चौदा दिवस दर बारा तासांनी. सडक्या अंड्यासारखा वास येतो, मुले थुंकून टाकतात. कॅप्सूल उघडून दाणे मऊ भातात कालवून दिले तर जातात. या काळात पांढऱ्या पेशी आणि यकृताची तपासणी अधूनमधून हवीच.

शिशाच्या विषबाधेत झटके किंवा बेशुद्धी असेल तर चिलेशनची दोन औषधे लागतात: आधी डायमरकॅप्रॉल स्नायूत आणि लघवी सुरू असल्याची खात्री करून चार तासांनी कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए. उलट क्रमाने दिले तर शिसे मेंदूत सरकण्याची भीती असते. डायमरकॅप्रॉल शेंगदाणा तेलात असते, म्हणून शेंगदाण्याची ॲलर्जी विचारावी. त्याच्या जोडीला लोह देऊ नये. मिथाइल पाऱ्याच्या विषबाधेत तर ते वापरायचेच नाही.

सर्वांत घातक चूक नावाची. कॅल्शियम डायसोडियम ईडीटीएऐवजी नावाने जवळचे, पण वेगळे असलेले नुसते डायसोडियम ईडीटीए दिले तर ते रक्तातले कॅल्शियमच पकडते आणि हृदय बंद पडू शकते. 2003 ते 2005 दरम्यान अमेरिकेत चिलेशननंतर रक्तातले कॅल्शियम घसरून तीन मृत्यू झाले, त्यांत दोन लहान मुले होती. चिठ्ठीवर नुसते ‘ईडीटीए’ लिहिणे बंद व्हायला हवे. पॅकेज घेणाऱ्यानेही बाटलीवरचे पूर्ण नाव वाचून घ्यावे, ‘कॅल्शियम’ शब्द नसेल तर सुई टोचू देऊ नये.

औषधाआधी शिसे येते कुठून ते शोधणे भाग आहे: जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे काम, भस्मयुक्त औषधे, भेसळीची पिवळीधमक हळद, कल्हईच्या कथलात मिसळलेले शिसे. पोटाच्या एक्स-रेत शिशाचे तुकडे दिसले तर आधी आतडी धुवून काढावी लागतात. हाडांत साठलेले शिसे औषध थांबताच पुन्हा रक्तात उतरते, त्यामुळे कोर्स संपल्यावर एक ते तीन आठवड्यांत रक्त पुन्हा तपासावे. आकडा वर गेला म्हणजे औषध कुचकामी ठरले असे नाही. मात्र घरातला स्रोत तसाच राहिला आहे का, हे तेव्हा पुन्हा पाहावे.

– एक बालरोगतज्ज्ञ, नाशिक